रुमालाखालचा हात

आमचे मामा माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. समोर कोणीही आलं की आधी त्याचा हात हातात घ्यायचे आणि तो सोडायची घाई करायचे नाहीत. व्याही असो, गॅसवाला असो, नाहीतर धाकट्या मुलासाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणे असोत. तोंडाने ‘बसा, पाणी घ्या’ चाललेलं असायचं, पण लक्ष सगळं त्या हातात. पाहुणे गेले की मामी विचारायची, “मग, कसं वाटलं?” मामा म्हणायचे, “माणूस बरा हाय, पर काहीतरी लपिवतोय. हात आखडून घेत हुता.” आणि आठ-पंधरा दिवसांत तसंच काहीतरी बाहेर यायचं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत माझाही हात त्यांनी धरला. “भ्यायलीस व्हय?” म्हणाले. मी म्हटलं, “नाही मामा.” “बरं,” म्हणाले आणि आत वळून मामीला सांगितलं, “पोरगी भ्यायलीया. आजच्या दिस तिला काय काम सांगू नगंस.”

वाशीच्या फळबाजारात मामांनी जन्म घालवला. विशीत कोरेगावकडून आले ते पाठीवर पेट्या वाहायला, आणि पुढे एका अडत्याच्या गाळ्यावर आंबा विकायला उभे राहिले. तिथे आंब्याचा भाव तोंडाने सांगायची रीत नव्हती. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरायचे, वर एक मोठा रुमाल टाकायचे आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. याला बाजारात हत्ता म्हणतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. मामांना या गोष्टीचा मोठा अभिमान. “तोंडानं माणूस काय बी बोलंल,” ते सांगायचे, “पर रुमालाखाली बोट दाबलं की दाबलं. तितं जो खोटं बोलला, त्यो बाजारातनं उठला.”

मी एकदा त्यांचा डबा द्यायला गाळ्यावर गेले होते. कोकणातला एक शेतकरी आपल्याच पेट्यांना टेकून त्या रुमालाकडे टक लावून बघत होता. भाव त्याच्या आंब्याचा चालला होता, आणि तो त्यालाच ठाऊक नव्हता. घरी आल्यावर मी मामांना हे बोलून दाखवलं. ते हसले. “त्येला नंतर हिशोबाच्या पट्टीत कळतंय की,” म्हणाले. मामा मनाने इतके चांगले होते की त्यांना ते बोलणं लागलंही नाही. मला मात्र त्या माणसाचा चेहरा बरेच दिवस विसरता आला नाही.

घर कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीत. मुळात एकच खोली, तिच्यावर मामांनी हळूहळू दोन मजले चढवले होते. खाली स्वयंपाकघर आणि हॉल. पहिल्या मजल्यावर थोरला विलासदादा आणि सुजातावहिनी, त्याच्या वर धाकटा सचिन, अजून लग्न न झालेला. विलासदादा उरणला एका कंटेनर यार्डात कारकून होता, सचिन मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. मी महापेच्या एका कंपनीत डेटा भरायच्या कामाला लागले होते आणि हॉलमधला दिवाण माझा. सगळ्यांचा स्वयंपाक खाली, एकाच शेगडीवर. गावाकडच्या घरात मामा आणि त्यांचे भाऊ यांच्यामध्ये भिंत उभी राहिली होती, ती मामांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती: दोन्ही मुलगे एका घरात राहावेत. वहिनीने वर वेगळी शेगडी ठेवायचं दोनदा सुचवलं, दोनदा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांदा म्हणाले, “म्या मेल्यावर दोन काय, चार शेगड्या आणा. तवर एकच.”

पोकर घरात आणला सचिनने. मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडे. आपले पत्ते भारी वाटले तर डाव वाढवत न्यायचा, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. डाव अर्थात पैशांचा. टेबलाभोवती बसलेली माणसं म्हणजे नुसती गोल चित्रं आणि टोपणनावं. सचिनकडून ते विलासदादाकडे गेलं आणि दादाकडून वहिनीकडे. वहिनी तर कणीक मळता मळता कोपराने मोबाईल सरळ करायची. हळूहळू वरच्या दोन्ही दारांना आतून कड्या लागायला लागल्या. मामी जिन्याखाली उभी राहून हाका मारायची, “जेवायला चला रे!” आणि वरून तीन आवाज यायचे, “आलो, आलो, हा एकच डाव.” मग मामा एकटेच ताटावर बसायचे आणि जिन्याकडे बघत सावकाश जेवायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. “पोरांचं त्ये हाय ना, त्ये ह्याच्यात घालून दे मला.”

“कशाला मामा? नका त्या नादाला लागू.”

“नाद न्हाय गं. पोरं जितं बसल्यात तितं जाऊन बसतो. खाली काय ती याची न्हाईत.”

मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. मी ते अ‍ॅप घालून दिलं, खातं उघडून दिलं, कुठलं बटण कशाचं तेही शिकवलं. लोक म्हणतात, तू नसतं दिलंस तर दुसऱ्या कोणी दिलं असतं. म्हणोत बापडे. दिलं मी, एवढं मला पुरेसं आहे.

पत्ते मामांना नवे नव्हते. एक्का, राजा, राणी, गुलाम कळायला वेळ लागला नाही. पण पहिले पंधरा दिवस ते सारखे हरले आणि वैतागले. “ह्याच्यात माणूसच न्हाय,” म्हणायचे. “हात धरू तरी कुणाचा?” आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी मुलांना खाली बोलावलं, आपण सोफ्याच्या मधोमध बसले, उजवीकडे विलासदादा, डावीकडे सचिन, दादाच्या पलीकडे वहिनी. चौघांनी एकाच टेबलावर जागा घेतल्या. मामांनी बाजारातले दोन मोठे रुमाल काढले आणि दोन गुडघ्यांवर टाकले. एका रुमालाखाली थोरल्याचा हात, दुसऱ्याखाली धाकट्याचा. तर्जनी दाबली म्हणजे एक्का, दोन बोटं धरली म्हणजे राजा, तीन म्हणजे राणी. जोडी असेल तर तेच दोनदा. हातात काही दम नसेल तर तळहात नुसता तळहातावर टेकवायचा. ज्याचे पत्ते सगळ्यांत भारी त्याने राहायचं, बाकीच्या घरच्यांनी डाव वाढवून परक्याला आत ओढायचं आणि ऐनवेळी सरकून घ्यायचं. मामांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांच्या मोबाईलवरची बटणं दाबायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसायची आणि मोबाईल समोरच्या स्टुलावर उभा करून ठेवायची.

“इथं कोण बघतंय मामा? रुमाल कशाला?” मी विचारलं होतं.

“उघड्यावर हात खरं बोलत न्हाय,” ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, ते दोन-तीन महिने घर सुखात होतं. रविवारी दुपारी सगळी एकत्र, मामीची कांदाभजी, दादा-सचिनचे टोमणे, वहिनीचं हसणं. मामा तर फुलून गेले होते. जिंकलेलं सगळं मामीच्या खात्यात, ते घराचं, असा नियम त्यांनी घातला आणि सगळ्यांनी मान डोलावली. दोन मुलांचे हात दोन हातांत धरून बसलेला तो माणूस बघितला की मलाच वाटायचं, चांगलं केलं आपण. हे सुख कोणाच्या पैशांवर चाललंय, ते मात्र कधी मनात आलं नाही.

ते कळलं ‘उरणकर’मुळे. उरणकर हे कोणाचं तरी टोपणनाव. हा गृहस्थ तीन-चार रविवार आमच्या टेबलावर यायचा आणि रिकामा होऊन जायचा. एके दिवशी त्याने टेबलावरच्या गप्पांच्या चौकटीत लिहिलं, ‘भाऊ, जरा दमाने घ्या. आज गेलं तर घरी तोंड दाखवता येणार नाही.’ मामांना ती इंग्रजी अक्षरातली मराठी चटकन वाचता यायची नाही. “काय लिवतोय त्यो?” त्यांनी विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “काही नाही मामा. जेवायला जातो म्हणतोय.” पुढच्या दोन डावांत तो साफ झाला आणि त्याचं चित्र टेबलावरून नाहीसं झालं. “गेला वाटतं जेवायला,” मामा समाधानाने म्हणाले. त्यानंतर तो कधी आला नाही. त्या खेळात मामांशी मी बोललेलं ते पहिलं खोटं, आणि ते किती सहज जमलं याची मला आजही भीती वाटते.

मग अ‍ॅपवाल्यांचा फोन आला. एक गोड आवाजाची मुलगी होती. खात्याची तपासणी करायचीय म्हणाली. घरात आणखी कोणी खेळतं का, असं तिने विचारलं आणि मामांची कळी खुलली. “सगळीच खेळतो की! एकत्र कुटुंब हाय आमचं. दोन पोरं, सून, आन म्या. एका सोफ्यावर बसून खेळतो बगा!” दादा जिन्यावरून उड्या मारत खाली आला आणि त्याने मोबाईल हिसकावून घेतला, पण उशीर झाला होता. एका घरातल्यांनी एका टेबलावर बसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मामांचं खातं त्याच दिवशी बंद पडलं. दादा-सचिनना नियम पहिल्यापासून ठाऊक होता, म्हणूनच ते रविवारी घरचं वायफाय बंद करून ज्याच्या त्याच्या सिमवर खेळायचे. मलाही ठाऊक होता. फक्त मामांना कोणी सांगितलं नव्हतं.

“काय नाना तुमी! सगळा लोचा करून ठेवला,” दादा ओरडला. बापाशी असं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “एका घरातल्यांनी एकत्र बसायचं न्हाय? असा कुटं नियम असतोय का गं?” मला वाटलं, आता ते रुमाल घडी घालून ठेवतील. दोन दिवस त्यांनी मोबाईलला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “रुमाल बाजारात बी बंदच केलता नियमानं. कुणी सोडला?” आणि मामीच्या नावाने नवं खातं उघडलं गेलं. मामीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “माझं नाव चांगल्या कामाला तरी घ्यायचं हुतं.”

याच सुमारास मामांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. साखर होतीच. डॉक्टरांनी पथ्य वाढवलं, मामांनी ते मनावर घेतलं नाही. पण रविवारी खेळताना कधीकधी ते दादाचा हात दोनदा चाचपून बघायचे. दादाच्या नजरेतून ते सुटलं नाही. दादा तेव्हा आठवडाभर वर एकटाही खेळायचा, दार लावून, आणि त्या एकट्याच्या खेळात त्याचं काही बरं चाललेलं नव्हतं. हे वहिनीच्या तोंडावर दिसायचं. करंजाड्याला नव्या इमारती बघून आल्याचं ती मला एकदा बोलली आणि लगेच म्हणाली, “नानांना नको हां सांगू.” मी नाही सांगितलं. त्या घरात मी न सांगितलेल्या गोष्टी किती साठत चालल्या होत्या.

आणि तो रविवार आला. मामांच्या हातात राजांची जोडी होती. त्यांच्या पुढ्यात चिप्सची, म्हणजे डावात लावायच्या पैशांची, मोठी रास, घराची सगळी कमाई तिथेच. त्यांनी डावीकडे चाचपलं. सचिनकडे काही नव्हतं. उजवीकडे चाचपलं. मी खाली सतरंजीवर होते. मामांच्या गुडघ्यावरून रुमालाची कड एका बाजूला सरकली होती आणि माझे डोळे बरोबर त्या उंचीवर होते. दादाचा तळहात मामांच्या तळहातावर नुसता टेकलेला मी बघितला. बोट धरलेलं नव्हतं, दाबलेलं नव्हतं. म्हणजे हातात काही नाही.

“सगळं लाव,” मामा मला म्हणाले. मी बटण दाबलं.

परके, सचिन, वहिनी, सगळे पत्ते टाकून गेले. दादा राहिला. त्यानेही सगळं लावलं. मला वाटलं, चुकून दाबलं की काय. मग पत्ते उघडले. दादाकडे एक्क्यांची जोडी होती. मामांच्या पुढची रास एका क्षणात सरकत दादाच्या चित्रापुढे गेली. मामीच्या खात्यातून, घराच्या नियमातून, बाहेर.

मग सचिन म्हणाला, “दादा, हे काय?”

“काय म्हणजे? मी एक्के सांगितले होते नानांना. दोनदा बोट दाबलं. घट्ट.” दादाने मामांकडे बघितलंसुद्धा नाही. “त्यांना कळलं नाय त्याला मी काय करू? हाताला मुंग्या येतात त्यांच्या. हात गेला आता नानांचा.”

सचिन उभा राहिला. “नाना, तुमी सांगा. ह्याने काय सांगितलं होतं? खोटं सांगितलं असेल ना, तर मी आत्ता बॅग भरून निघतो. आपल्याच बापाला कापणाऱ्या माणसाच्या घरात मी राहणार नाय.”

“निघ की,” दादा म्हणाला. “तुला अडवलंय कोणी?”

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. ज्या हाताने तीस-पस्तीस वर्षं बाजार केला, तो हात खोटा, की पोटचा मुलगा खोटा? दोन्हींतलं एक खरं असणार होतं. ते खाली माझ्याकडे वाकले.

“पोरी, तू खाली बसलीवतीस. तू बगितलंस.”

मी स्टुलावरचा मोबाईल पालथा घातला.

“तोंडानं नगं सांगूस. हातात सांग.” त्यांनी हात पुढे केला आणि वर रुमाल ओढला.

त्या रुमालाखाली मला जेवढा विचार करता आला तेवढा मी केला. खरं सांगितलं तर सचिन आत्ता जाणार. मग दादालाही तोंड उरणार नाही, तोही जाणार. ज्या एका गोष्टीसाठी हा म्हातारा या खेळात उतरला ती गोष्ट माझ्या एका खुणेने संपणार. खोटं सांगितलं तर जाईल काय, तर एक हात. मी मामांची तर्जनी धरली आणि दोनदा दाबली. एक्क्यांची जोडी.

त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, “विलास खरं बोलतोय. माजाच हात गेला.”

सचिन खाली बसला. त्याने दादाची माफी मागितली. मामीने चहा टाकला. घर वाचलं, असं मी समजले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, मामीने काय झालं म्हणून विचारलंही नाही.

त्या दिवसानंतर मामांनी कोणाचा हात हातात घेतला नाही. पाहुणे आले की दोन्ही हात जोडायचे. हंगामात अजूनही गाळ्यावर जायचे ते बंद केलं, अडत्याचा मुलगा बोलवायला आला तर त्याला सांगितलं, “मला आता भाव कळत न्हाय.” रविवारचा सोफा मोडला. सगळे पुन्हा आपापल्या मजल्यावर गेले आणि कड्या पुन्हा लागल्या. सचिन दादावर आळ घेतल्याच्या लाजेने खाली मान घालून वावरायचा. दादा मात्र मोठा समजूतदार झाला. नानांना आता कशाचा त्रास नको, घराची कागदपत्रं, पाणीपट्टी, सगळं मी बघतो, म्हणायला लागला. “हात गेला माजा,” मामा म्हणाले, “आता घराचं तूच बग.” आणि एका सकाळी त्यांनी सबंध घर विलासच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं. सही करायला जाताना इस्त्रीचा सदरा घातला होता.

पुढे सरकारने पैशाचे ऑनलाइन खेळच बंद केले. बातमी कळली त्या दिवशी मामांनी अर्धा किलो जिलेबी आणली आणि जिन्याखाली उभे राहून दोघांना हाका मारल्या. सचिन आला. दादाच्या दाराआडून उत्तर आलं, “आलो, हा एकच डाव.” मामांनी माझ्याकडे बघितलं. “बंद झालंय न्हवं?” बाहेरच्या देशातून चालणारं काहीतरी त्याने कुठून तरी मिळवलं होतं. त्या अ‍ॅपवर फोन करून चौकशी करणारी मुलगीही नव्हती. जिलेबी मुंग्यांनी खाल्ली.

दिवाळीनंतर दोन माणसं टेप घेऊन आली आणि हॉल मोजायला लागली. मामांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोण हवंय म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, घर आम्ही घेतलंय. दादा त्या दिवशी घरी नव्हता. महिन्याभरात तो आणि वहिनी करंजाड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. सचिनने शिरवण्याला तिघांत मिळून एक खोली धरली. मला ऐरोलीला एका बाईंकडे जागा मिळाली. मामा-मामी गावी निघाले, भिंतीच्या अलीकडच्या दोन खणांत राहायला.

टेम्पो भरून झाला होता. मामी पुढे चढून बसली होती. रिकाम्या हॉलमध्ये मी आणि मामा दोघेच होतो, आणि मला राहवलं नाही. “मामा, त्या दिवशी मी…”

“ठावं हाय,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तवाच. तुजा हात बरफावानी गार पडलावता. आन विलासनं बी बोट दाबलं नव्हतं, येवढं मला कळतंय की गं. मुंग्या आल्या म्हणून हात मरत न्हाय.”

“मग सगळ्यांपुढं तसं का म्हणालात? घर का दिलंत त्याला?”

“घर ऱ्हावं म्हणून. तू बी त्याचपायी बोललीस न्हवं? म्हणलं, त्याच्या हवाली केलं म्हंजी तरी त्येला लाज वाटंल.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. “पर पोरी, तू खरं बोलली असतीस, तर मला बी बोलायला बळ आलं असतं.”

टेम्पोवाल्याने हाक मारली आणि ते गेले.

पुढच्याच उन्हाळ्यात मामा वारले. तेराव्याला गावच्या त्या दोन खणांत घरचे तेवढे दोन ओळींत जेवायला बसलो होतो. एका बाजूला सचिन, समोर दादा आणि वहिनी, मामी कोपऱ्यात बसलेली. चुलतमामा नानांच्या आठवणी सांगत होते. दादा वरणभात कालवत म्हणाला, “शेवटी शेवटी नानांचा हातच गेला होता. बोट दाबलेलं पण कळायचं नाय त्यांना.”

मी हातातला घास ताटात ठेवला. “नाही दादा,” मी म्हटलं. आवाज एवढा चढेल असं मला वाटलं नव्हतं. “हात शेवटपर्यंत चांगला होता. त्या दिवशी तू खोटं बोललास. मी बघितलं होतं. आणि मीही खोटं बोलले.”

मला वाटलं, आता सचिन उठेल. दादा ताट ढकलेल. काहीतरी फुटेल, आणि इतक्या उशिरा का होईना, फुटायलाच हवं होतं. सचिनने मान वर केली नाही. वहिनी भाताकडे बघत राहिली. मामी कोपऱ्यातून म्हणाली, “सगळ्यास्नीच ठावं हुतं. जेवा आता.”

आणि आम्ही जेवलो.